मुक्त सॉफ्टवेअर : यंत्रांच्या चाचणी अहवालांवर किती विसंबावे?

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने आपल्या संगणकावरील एका किरकोळ विलंबाचे कारण जाहीर केले आणि काही तासांतच लिनक्स प्रणालीच्या अनेक प्रमुख वितरकांची धावपळ उडाली. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएच या सुविधेला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्यांच्या लक्षात आले होते. शोध घेता घेता ते एक्सझेड या, फाइलींचा आकार लहान करणाऱ्या, एरवी कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या पॅकेजपाशी पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट बसवण्यात आली होती. या आवृत्त्या सर्वत्र पसरल्या असत्या, तर जगभरातील असंख्य सर्व्हरची किल्ली एका अज्ञात हाती गेली असती.

अर्ध्या सेकंदाची ही कथा पुष्कळ सांगितली गेली. तिच्यातील दुसरा एक तपशील मात्र तितकासा चर्चिला गेला नाही. फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या विकासकांपैकी एक. त्या सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये काही आठवडे आधी, पॅकेजे अद्ययावत केल्यानंतर, व्हॅलग्राइंड या स्मृतिदोष शोधणाऱ्या साधनाने एक विचित्र तक्रार नोंदवली होती. त्या वेळी तिचा अर्थ लागला नव्हता. विलंबाचा माग काढताना फ्रॉइंड यांना ती आठवली आणि दोन धागे जुळले. म्हणजे यंत्राने आपले काम केले होते, अहवालही दिला होता. तो वाचून लक्षात ठेवणारा माणूस सुदैवाने जागेवर होता.

मुक्त सॉफ्टवेअरच्या विश्वासार्हतेचा आज जो प्रश्न विचारला जात आहे, तो नेमका या ठिकाणी येऊन थांबतो.

मुक्त सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते. परंतु सामान्य वापरकर्ता ती आज्ञावली वापरत नाही. तिच्यापासून तयार झालेले पॅकेज वापरतो. आज्ञावलीचे पॅकेज करण्याच्या या क्रियेला बांधणी म्हणावे. डेबियन या १९९३ साली सुरू झालेल्या वितरणाच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत आणि ती सात प्रकारच्या प्रोसेसरांसाठी सिद्ध करावी लागतात. एवढा पसारा माणसांच्या हातांनी आवरणे अशक्य आहे. म्हणून स्वयंसेवकाने नवी आवृत्ती पाठवली की बांधणीसाठी राखून ठेवलेली यंत्रे ती आपोआप उचलतात, प्रत्येक प्रोसेसरसाठी बांधून पाहतात, सोबत दिलेल्या चाचण्या चालवतात आणि निकाल सर्वांना पाहता येईल अशा जागी मांडतात. एवढ्यावर काम संपत नाही. त्या पॅकेजवर विसंबून असलेल्या इतर पॅकेजांच्या चाचण्याही पुन्हा घेतल्या जातात. एखादीही नव्याने बिघडली तर नवी आवृत्ती पुढच्या टप्प्यात जाऊ शकत नाही.

पूर्वी स्वयंसेवकाने स्वतःच्या संगणकावर बांधलेले पॅकेजही डेबियनच्या वितरणात जाऊ शकत असे. जुलै २०१९ मध्ये ही वाट बंद करण्याचे ठरले आणि पुढील आवृत्तीसाठी वितरणाच्या स्वतःच्या यंत्रांवरची बांधणीच ग्राह्य मानली जाऊ लागली. घरून शिजवून आणलेला पदार्थ चालणार नाही, तो सर्वांसमोरच्या चुलीवरच शिजला पाहिजे, असा हा नियम होता.

या व्यवस्थेचा लाभ कोणाला होतो, हे समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा या तहसिलीच्या गावी बसून एखादा विद्यार्थी छोटेसे पॅकेज सांभाळत असेल, तर त्याच्या हाताशी बहुधा एकच लॅपटॉप असतो. आपले सॉफ्टवेअर आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालते की नाही, हे त्याला स्वतःहून कधीच कळणार नाही; असे यंत्र त्याने पाहिलेलेही नसेल. बांधणी-यंत्रांचा अहवाल मात्र ते त्याला घरबसल्या सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जे मिळते, ते एकट्या माणसाच्या आवाक्यात आणून ठेवणे, ही या व्यवस्थेची खरी कमाई आहे.

ही कल्पना नवी नाही. पर्ल या संगणक-भाषेच्या पॅकेजांचे सीपॅन हे भांडार १९९५ पासून खुले आहे आणि १९९८ मध्ये ग्रॅहम बार व ख्रिस नँडोर यांनी त्यासाठी परीक्षकांचा स्वयंसेवी गट सुरू केला. जगभरातील स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर नवी पॅकेजे बांधून पाहत आणि उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, लागू नाही किंवा अनिश्चित अशा चारपैकी एका शेऱ्यासह अहवाल पाठवत. पर्लच्या निरनिराळ्या आवृत्त्या एका बाजूला, विविध कार्यप्रणाली दुसऱ्या बाजूला, असा तक्ता प्रत्येक पॅकेजासाठी तयार होई. पोस्टग्रेसने २००४ च्या सुमारास याच धर्तीवर बिल्ड फार्म उभारला. तेथील प्रत्येक यंत्राला प्राण्याचे नाव दिले जाते. अमुक प्राणी आज आजारी आहे, असे विकासक गंभीरपणे बोलतात.

अडचणीही लवकरच दिसू लागल्या. सीपॅनचे अहवाल प्रारंभी ई-टपालाने फिरत. चाचणी-यंत्रे वाढली तशी अहवालांची संख्या इतकी फुगली की लेखकांना त्यांचा जाच होऊ लागला. पुढे अहवाल मध्यवर्ती साठ्यात जमा करण्याची पद्धत आली. तक्रार फुकट मिळत असली तरी ती वाचण्यास वेळ लागतो, आणि स्वयंसेवकाकडे तोच सर्वांत कमी असतो.

चाचणी म्हणजे नेमके काय, याचे उत्तम उदाहरण मराठीच्याच अंगणात आहे. अँड्रॉइडचे दूरध्वनी, फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस या सर्वांमध्ये अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर करते. युनिकोडच्या सुट्या चिन्हांपासून जोडाक्षर, वेलांटी आणि रफार यांची योग्य जागा ठरवणे हे त्याचे काम. आता मराठीत आचार्यांना नमस्कार करणे वेगळे आणि आचाऱ्यांना नमस्कार करणे वेगळे. दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. पहिल्यात र चा रफार होतो, दुसऱ्यात तो आडव्या वळणाचा अर्धा र होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेल्या र चे स्वतंत्र चिन्ह वापरले जाते आणि जुन्या मजकुरासाठी आणखी एक पर्यायी रीतही मान्य आहे. दोन्ही रीतींनी पडद्यावर एकच आकृती उमटली पाहिजे.

शहपुऱ्यातील दुकानदाराच्या हिंदी दूरध्वनीत आणि साताऱ्यातील शिक्षिकेच्या मराठी दूरध्वनीत हेच एक सॉफ्टवेअर चालते. लिपी एकच, देवनागरी. परंतु हिंदीला या अर्ध्या र ची गरज जवळजवळ पडत नाही. उद्या एखाद्या नव्या आवृत्तीत तो बिघडला तर कोट्यवधी हिंदी वाचकांना त्याचा पत्ताही लागणार नाही. जबलपुरातील मराठी कुटुंबांना तो घरच्या निरोपांत दिसेल आणि ती बहुधा दूरध्वनीलाच दोष देतील. संख्येने मोठ्या भाषेच्या सावलीत लहान भाषेचे दोष असे लपून राहतात. श आणि ल यांच्या मराठी वळणांची कथाही हीच आहे. अक्षरसंचात ती स्वतंत्रपणे बसवलेली असली, तरी मजकूर मराठी आहे हे संगणकाला कळले तरच ती उमटतात.

या बाबतीत पुण्याचा वाटा लक्षणीय आहे. रेड हॅट कंपनीने खुले केलेले लोहित अक्षरसंच मुळात मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीने पुरवले होते. २०११ मध्ये ते अक्षरसंचांसाठीच्या खुल्या परवान्याखाली आले आणि मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी यांचे वेगवेगळे संच लोहित देवनागरी या एका संचात विलीन झाले. चार भाषा एका संचात आल्यावर एकीसाठी केलेली दुरुस्ती दुसरीला बाधत तर नाही ना, हे दर वेळी पाहणे भाग होते. रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांच्या पुढाकारातून भारतीय लिप्यांच्या योग्य मांडणीचे संदर्भ-संच तयार झाले आणि त्यांतील नमुने हार्फबझच्या चाचण्यांमध्ये समाविष्ट झाले. चाचणीची रीत सोपी आहे. एक शब्द द्यायचा, त्यातून कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने निघाल्या ते नोंदवायचे आणि आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडून पाहायचे. फरक पडला की बांधणी लाल.

प्रश्न येतो तो लिहून ठेवलेल्या उत्तराचा. ते बरोबर आहे, हे कोणी ठरवले? हार्फबझच्या विकासकांनी विकिपीडियातील सात लाखांहून अधिक देवनागरी शब्द घेऊन आपल्या मांडणीची तुलना मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील मांडणीशी केली होती आणि फरक अगदी नगण्य उरेपर्यंत सुधारणा केल्या. व्यवहाराच्या दृष्टीने हा मार्ग शहाणपणाचा होता, कारण वाचकांच्या डोळ्यांना विंडोजचीच सवय झाली होती. परंतु त्याचा अर्थ असाही होतो की प्रमाण मानलेले उत्तर हे व्याकरणकाराचे किंवा मुद्रकाचे नव्हते, दुसऱ्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरचे होते. नोंदवलेले उत्तरच चुकीचे असेल, तर यंत्र ती चूक वर्षानुवर्षे उत्तीर्ण म्हणून प्रमाणित करत राहते. यंत्राचा हिरवा शेरा ‘काल जसे होते तसेच आज आहे’ एवढीच ग्वाही देतो.

अहवालाचा अर्थ चुकीचा लावला तर काय घडते, याचा धडा डेबियनने मोठी किंमत मोजून घेतला. २००६ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजमध्ये व्हॅलग्राइंड वारंवार इशारे देत होते. ते थांबवण्यासाठी पॅकेज सांभाळणाऱ्याने आज्ञावलीतील दोन ओळी निष्क्रिय केल्या. इशारे थांबले, बांधणी निर्वेध होऊ लागली. मात्र त्यांतील एक ओळ गुप्त किल्ल्यांमध्ये यादृच्छिकता आणणारी होती. ती गेल्यामुळे एका प्रकारच्या यंत्रावर विशिष्ट लांबीच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्याच तयार होऊ शकत होत्या. कोणालाही त्या सर्व आधीच काढून ठेवता आल्या असत्या. हा दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. जवळजवळ वीस महिने सर्व काही सुरळीत असल्याचे अहवाल येत होते आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटेही नव्हते. तेच व्हॅलग्राइंड २००६ मध्ये कटकट ठरले आणि २०२४ मध्ये उपकारक. साधनात फरक नव्हता, त्याची तक्रार कशी वाचली गेली यात होता.

एक्सझेडच्या प्रकरणात तर गुन्हेगाराने या संपूर्ण व्यवस्थेचा अभ्यास करूनच डाव रचला होता. जिआ तान या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने २०२१ पासून उपयुक्त सुधारणा पाठवून विश्वास संपादन केला. मूळ सांभाळकर्ते लासे कोलिन एकटे आणि थकलेले होते. त्यांनी जबाबदारी वाटून द्यावी म्हणून काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर दडपणही आणले गेले. पुढे घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या वाटणाऱ्या फाइलींमध्ये दडवण्यात आला. चाचणीच्या फाइली वाचण्याचे कष्ट कोण घेतो? तो भाग जागा करणारी ओळ सार्वजनिक भांडारात नव्हती. वितरणासाठी बनवलेल्या गठ्ठ्यातच ती घातली होती. शिवाय डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीची पॅकेज-बांधणी चालू आहे, हे तपासूनच तो भाग कामाला लागे. एखाद्या जिज्ञासूने भांडारातून आज्ञावली घेऊन स्वतः बांधून पाहिली असती तर त्याला काहीही आढळले नसते. गूगलच्या पुढाकाराने मुक्त सॉफ्टवेअरवर सतत आडव्यातिडव्या माहितीचा मारा करून दोष शोधणारी ओएसएस-फझ ही सेवा आहे. जुलै २०२३ मध्येच तिच्यातील या पॅकेजसाठीची एक सोय बंद करून घेण्यात आली होती. व्हॅलग्राइंडच्या तक्रारी येऊ लागल्या तेव्हा कंपायलरकडे बोट दाखवून ५.६.१ ही ‘दुरुस्त’ आवृत्ती काढली गेली.

अशा वेळी दुरुस्तीची किंमतही थोडी नसते. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीची चाचणी-प्रत एक आठवडा लांबवून ११ एप्रिल २०२४ वर नेण्यात आली, कारण घातक आवृत्ती आल्यानंतर बांधलेली सर्व पॅकेजे टाकून देऊन नव्याने बांधण्याचा निर्णय झाला. ज्या यंत्रावर बांधणी झाली, ते यंत्रच बाधित असू शकते, ही शंका त्यामागे होती. ती अनाठायी म्हणता येणार नाही. २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्सच्या प्रकरणात हल्लेखोरांनी मूळ आज्ञावलीचे भांडार तसेच ठेवून बांधणीच्या सर्व्हरवर घुसखोरी केली होती आणि सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत बाधित आवृत्त्या पोहोचल्या होत्या.

बांधणाऱ्यावरच विश्वास ठेवता येत नसेल तर काय, हा प्रश्न केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात मांडला होता. त्यावरचे एक व्यवहार्य उत्तर डेबियनच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून शोधायला घेतले. तत्त्व असे की एकाच आज्ञावलीपासून दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या यंत्रांवर पॅकेज बांधले तर दोन्ही अगदी शेवटच्या बिटापर्यंत सारखे यावे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बांधणीच्या वेळेची नोंद, फोल्डरचा पत्ता, फाइलींचा क्रम, इतकेच काय, यंत्राची निवडलेली भाषा, असल्या बारीकसारीक गोष्टींनी प्रत्येक प्रत निराळी होत असे. एक एक कारण शोधून काढण्यात वर्षे गेली. आज डेबियनच्या बहुसंख्य पॅकेजांच्या बाबतीत हे साध्य झाले आहे. एका यंत्राचा अहवाल दुसऱ्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या यंत्राच्या अहवालाने पडताळता येणे, ही पूर्वी नसलेली गोष्ट आहे. मात्र आज्ञावलीच्या गठ्ठ्यातच विष असेल, तर दोन्ही यंत्रे तेच विष तंतोतंत सारखे बांधतील, ही मर्यादाही मान्य करावी लागेल.

या यंत्रांचा खर्च कोण उचलतो, याकडे एरवी फारसे लक्ष जात नाही. २०११ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेली ट्रॅव्हिस सीआय ही सेवा मुक्त प्रकल्पांना मोफत चाचणी देत असे आणि हजारो प्रकल्प तिच्यावर विसंबून होते. २०१९ मध्ये तिची मालकी बदलली, नोव्हेंबर २०२० मध्ये मोफत वापरावर मर्यादा आली आणि प्रकल्पांनी घाईघाईने मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या गिटहबची सेवा जवळ केली. तेथेही निश्चिंती नाही. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्स या नावाच्या, २३ हजारांहून अधिक प्रकल्प वापरत असलेल्या एका साहाय्यक घटकात घातक बदल झाला आणि बांधणीच्या अहवालांमध्येच गुप्त सांकेतिक शब्द छापले जाऊ लागले. जे अहवाल पारदर्शकतेसाठी सर्वांना खुले ठेवले होते, तेच गळतीची जागा झाले.

भारताच्या दृष्टीने हा दूरदेशीचा विषय उरलेला नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकची बॉस ही कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठी २०२३ मध्ये पुढे आलेली माया ही उबुंटूवर, आणि उबुंटू स्वतः डेबियनवर. नाव देशी असले तरी पॅकेजांचा मोठा भाग त्याच सामाईक चुलीवरून येतो. सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची विस्तारित आवृत्ती आली. हे पाऊल आवश्यकच होते. परंतु अशा यादीत ‘एक्सझेड ५.६.१’ ही नोंद अगदी बिनचूक आली असती आणि तरीही चोरवाट तशीच राहिली असती. काय वापरले आहे हे यादी सांगते. ते कोणत्या आज्ञावलीपासून, कोणत्या यंत्रावर बांधले आणि दुसऱ्या कोणी ते पडताळले का, हे वेगळे विचारावे लागते. शासकीय खरेदीच्या निविदांमध्ये हे प्रश्न घालण्यास मोठा खर्च येणार नाही.

युरोपीय संघाचा सायबर सुरक्षाविषयक नवा कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. गैरवापर होत असलेल्या त्रुटींची प्राथमिक सूचना २४ तासांत देण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, तर मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. तेथे डिजिटल उत्पादने विकणाऱ्या भारतीय कंपन्याही त्याच्या कक्षेत येतात. व्यापारी हेतूशिवाय काम करणाऱ्या स्वयंसेवकांना या कायद्याने वगळले आहे. जबाबदारी त्यांचे काम उत्पादनात घालून विकणाऱ्यांवर टाकली आहे. त्यामुळे आजवर फुकट घेतलेल्या पॅकेजांचे चाचणी अहवाल वाचण्यासाठी कंपन्यांना माणसे नेमावी लागतील. झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत निधी देण्याची योजना जाहीर केली, तर जर्मनीत २०२२ पासून सरकारी निधीतून अशा प्रकल्पांच्या देखभालीला पैसा मिळतो. त्या पैशातून नवी वैशिष्ट्ये किती आली याची मोजदाद सहज होईल. लाल शेरा आल्यावर तो दाबून न टाकता त्याच्या मुळाशी जाणाऱ्या माणसाचे तास कोणत्या रकान्यात मोजायचे, याबाबत निधी देणाऱ्यांमध्ये अद्याप एकवाक्यता दिसत नाही.